सूर्याचा धक्का आणि लोखंडाची वही

“उन्हाला सगळेच ओळखतात, वाऱ्याला ओळखणारा एखादाच.”

हे वाक्य आमच्या दाजींचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुणी कपाळाचा घाम पुसत म्हणालं, “आज ऊन फार आहे,” की दाजी मान तिरकी करून हे वाक्य म्हणणारच. ऐकणाऱ्याला वाटायचं, झाडं हलवणाऱ्या वाऱ्याबद्दल बोलताहेत. दाजींच्या मनात असायचा तो सूर्यावरून सुटणारा वारा. तो अंगाला लागत नाही, पान हलवत नाही, धूळ उडवत नाही. तरी रात्रंदिवस वाहतो. त्या वाऱ्याची चाहूल घेणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता.

आमच्या गावामागच्या टेकडीवर सरकारी चुंबकघर होतं. दाजी तिथे एकतीस वर्षं निरीक्षक होते. घर म्हणजे एकच खोली. भिंती दोन हात जाड. दगड निवडून आणलेला, ज्यात लोखंडाचा अंश नाही असा. छपराला तांब्याचे खिळे, दाराला पितळी बिजागऱ्या, खिडकी एकही नाही. आत काडेपेटीतल्या काडीएवढे तीन चुंबक, केसाहून बारीक धाग्यांना टांगलेले, प्रत्येक वेगळ्या दिशेची ओढ सांगणारा. प्रत्येकाला नखाएवढा आरसा. दिव्याची तिरीप आरशावर पडायची आणि तिथून समोरच्या नळकांड्यावर. नळकांड्याला फोटोचा कागद गुंडाळलेला. घड्याळाच्या यंत्रावर ते दिवसाला एक फेरा पुरा करी. चुंबक जरा हलला की तिरीप हले आणि कागदावरची रेघ वर किंवा खाली जाई. सकाळी दहाला दाजी कागद बदलत, अंधाऱ्या खोलीत धूत आणि लाकडी चिमट्यांनी दोरीवर वाळत घालत. पृथ्वीच्या चोवीस तासांच्या तीन रेघा तिथे ओल्या कपड्यासारख्या लोंबत असायच्या.

अशा जागी लोखंड म्हणजे दुधात मिठाचा खडा. एखादा माणूस कुदळ घेऊन भिंतीजवळून गेला तरी आतली तिरीप बिचकायची. म्हणून फाटकाशीच एक फळी ठोकलेली होती. किल्ल्या, चाकू, पट्ट्याचं बक्कल, डोक्यातल्या पिना, सगळं तिथे काढून ठेवायचं. पोस्टमनची सायकल बाहेर, एवढंच नव्हे तर त्याच्या वहाणासुद्धा बाहेर, कारण टाचेत खिळे. दाजींच्या सदऱ्याला पितळी गुंड्या, चष्म्याला पितळी काड्या, कमरेला पट्ट्याऐवजी नाडी. गावाने त्यांचं नाव ‘पितळे’ ठेवलं होतं. मी मेहुणा, मला चिडवायचा हक्कच. मी म्हणायचो, “दाजी, तुमचं पितळ एकदा उघडं पडायला हवं बघा.”

“पडेल तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच बोलावीन,” ते म्हणायचे. “आधी खिसे उलटे करा.”

पाहुण्यांची झडती मात्र ताई घ्यायची. ते काम तिने लग्न होऊन आल्यावर आपणहून अंगावर घेतलं होतं आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पिशवी उपडी करायची, शिवण चाचपायची, सदऱ्याची कॉलर उलटून पाहायची.

“ताई, मी तुझा सख्खा भाऊ आहे.”

“म्हणून तर जास्त बघते. तुझ्या बायकोने कुठेतरी टाचणी लावून ठेवली असेल, आणि तुला पत्ता नसेल.”

त्यांचं राहतं घर कुंपणाच्या आतच, पण चुंबकघरापासून दोनशे पावलांवर. तिथे लोखंडी पलंग होता, चूल होती. मी एकदा विचारलं, “हे कसं चालतं?” दाजी म्हणाले, “एका जागी बसलेल्या लोखंडाशी आमचं भांडण नाही. ते रोज तेवढंच ओढतं, आम्ही तेवढं वजा करतो. भांडण हिंडणाऱ्या लोखंडाशी.”

सूर्याच्या वाऱ्याचं मला कोडं पडायचं. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस. दाजींनी एका दुपारी मला पाटाच्या काठी बसवलं आणि वाहत्या पाण्यात एक गोटा ठेवला.

“बघा. पाणी येतंय ते सूर्याकडून. हवा नव्हे ती. अणू फुटून त्यांचे तुकडे झालेत, विजेचा भार घेऊन सुटलेत. सेकंदाला चारशे किलोमीटर. तरी इथवर यायला चार दिवस लागतात.”

“आणि गोटा म्हणजे पृथ्वी?”

“पृथ्वी त्या गोट्याच्या पोटात, पार आत. गोटा म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाचं कुंपण. वारा थेट आपल्यावर येत नाही, त्या कुंपणाला वळसा घालून जातो. सूर्याच्या बाजूने ते दाबलं जातं. मधे पाच पृथ्व्या ओळीने मांडाव्यात, एवढ्यावर येऊन थांबतं. आणि मागच्या बाजूला बघा, पाण्याची कशी लांब शेपटी झालीय. आपल्या कुंपणालाही तशी शेपूट आहे, चंद्राच्याही पलीकडे गेलेली.”

मी शेपटीत बोट घातलं. पाणी गोल गोल फिरत होतं.

“वारा जोरात आला की कुंपण आणखी आत दाबलं जातं. त्याचा धक्का माझ्या काडीएवढ्या चुंबकाला कळतो. वाऱ्याबरोबर त्याचं स्वतःचंही चुंबकत्व येतं. ते आपल्याशी उलटं असलं, तर कुंपणाचं दार उघडतं आणि वारा आत घुसतो. मग वादळ. रेघ दोन-दोन दिवस खाली पडून राहते, ध्रुवाकडे आकाशात रंग उतरतात. आणि ते आपल्या दिशेचंच असलं, तर दार उघडत नाही. नुसता धक्का देतो आणि पुढे जातो.”

एवढं सांगून ते उठले. कागद बदलायची वेळ नव्हती, पण उठले. फार बोललो असं वाटलं की त्यांची तीच रीत.

आता त्या वहीबद्दल सांगतो. फाटकाजवळच्या कोनाड्यात लांबट आकाराची एक वही असे. तिला म्हणायचे लोखंडाची वही. चुकून कुणी लोखंड आत आणलं आणि रेघ बिघडली, तर तारीख, वेळ, माणसाचं नाव आणि कारण त्यात लिहायचं. त्यात लिहिलेलं खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. आणि ज्याचं नाव चढलं त्याला पुन्हा कुंपणाच्या आत घ्यायचं नाही, मग तो कुणी का असेना. एकतीस वर्षांत त्यात सहा नावं होती. एक गवंडी, एक गाढववाला, एक पुढारी आणि असेच तिघे.

सातवं नाव माझं.

त्या वर्षी दाजी निवृत्त होणार होते. कामावर एकही ठपका नाही, म्हणून वरच्या कचेरीतून ‘निर्दोष सेवे’चं पत्र मिळणार अशी बोलवा होती. मी एका गुरुवारी वाटाण्याच्या शेंगा घेऊन गेलो. ताईने फाटकात पिशवी उपडी केली, एकेक शेंग जणू मोजून घेतली आणि मला आत सोडलं. उन्हाचा तडाखा होता. चुंबकघराच्या मागच्या भिंतीला गार सावली असते. मी तिथे पिशवी उशाला घेऊन आडवा झालो. ताईने जेवायला हाक मारली तेव्हा डोळे चोळत उठलो, जेवलो, परत तिथेच टेकलो. साडेतीनच्या सुमाराला निघालो.

तिसऱ्या दिवशी शेंगांची पिशवी घेऊन पुन्हा गेलो, तर फाटकात दाजी उभे. काखेत लांबट वही.

“तुम्हाला आत येता येणार नाही,” ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा आहे. “का? मी काय सोयरीक मोडली तुमची?”

“गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी रेघ बोटाच्या रुंदीएवढी वर उडाली. तशीच वर राहिली. तीन पस्तीसला खाली आली. त्याच्या आधी शांत, त्याच्या नंतर शांत. वादळ नाही, काही नाही. तुम्ही किती वाजता आलात?”

“अकराला.”

“कुठे निजलात?”

मी बोलायच्या आत मागून ताई आली. हाताला पीठ तसंच.

“पिशवी मी बघितली होती,” ती म्हणाली. “शेंगा होत्या. शेंगांच्या पोटात खिळे नसतात.”

“खिशात काही असेल.”

“खिसे मी उलटे केले.”

“मग नजरचूक झाली असेल तुझी. माणूस आहे, होते.”

आमच्या घरात भांडी आपटून राग काढायची पद्धत. ताईचा राग मात्र आवाज कमी करत जायचा.

“सव्वीस वर्षं मी या फाटकात उभी आहे,” ती म्हणाली. “एक पिन माझ्या हातून आत गेलेली नाही. माझ्या शब्दाला काही वजन आहे की नाही?”

“कागद खोटं बोलत नाही,” दाजी म्हणाले.

“कागद नाही बोलत. वाचणारा बोलतो.”

दाजींनी वही उघडून मला दाखवली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, ‘पिशवीत अथवा अंगावर लोखंड’. खाली सही. शाई वाळलेली होती. म्हणजे मला विचारायच्या आधीच लिहून झालं होतं. तेच मला जास्त लागलं. मी शेंगांची पिशवी फाटकाबाहेर ठेवली आणि वळलो.

मी चुकलो नव्हतो. पण घरी आल्यावर मी सगळे कपडे झटकून पाहिले, शिवणी उसवून पाहिल्या. माणूस निर्दोष असला तरी वहीत नाव चढल्यावर स्वतःच्याच खिशात हात घालून बघतो.

त्यानंतर ताई दर गुरुवारी फाटकाबाहेर येऊन बसायला लागली. बाहेर एक मोठा धोंडा होता. त्यावर ती बसायची, शेजारी मी. तिथेच डबा उघडायची. येणारे जाणारे विचारायचे, “घर असताना धोंड्यावर काय?” ती म्हणायची, “आत माझ्या माहेराला बंदी आहे.” बस. पुढे एक अक्षर नाही. घरात ती दाजींशी थेट बोलत नव्हती. भिंतीला सांगायची, “वाढलंय.” दाजीही भिंतीलाच म्हणायचे, “आलो.” ती मला हे सांगताना हसायची, आणि हसता हसता डब्याचं झाकण उगाच पुसत राहायची.

“आणखी सहा महिन्यांनी हे घर सोडायचंय,” एकदा ती म्हणाली. “सव्वीस वर्षांचं घर. सोडताना माझा भाऊ सामान उचलायला आत येऊ शकणार नाही. आणि माझ्या हातून चूक झाली असं त्या वहीत राहणार. आम्ही मेल्यावरसुद्धा राहणार.”

मी म्हणालो, “जाऊ दे ताई. मी काय, बाहेरून उचलेन.”

“तुझं नाही रे. माझं.”

अडीच महिने असे गेले. मग टपाल आलं.

जगभरातली चुंबकघरं आपापले तक्ते एकमेकांना टपालाने धाडतात. दाजी रोज संध्याकाळी ते पडताळत बसायचे. त्या आठवड्यात वरच्या कचेरीचे तपासनीसही वार्षिक पाहणीसाठी आले होते. घरातल्या टेबलावर समुद्रापलीकडच्या तीन चुंबकघरांचे तक्ते पसरलेले. पुढचं मला ताईने सांगितलं. ती बाहेरच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती आणि तिचे कान तिखट.

दाजींनी एका तक्त्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. तिन्ही ठिकाणी त्याच गुरुवारी, त्याच मिनिटाला, रेघ वर उडालेली. तिन्ही ठिकाणी साडेचार तासांनी खाली आलेली. सूर्याचा वारा येऊन पृथ्वीच्या कुंपणाला धडकला होता, साडेचार तास दाबून धरलं होतं, दार उघडलं नव्हतं म्हणून आत न शिरता निघून गेला होता. माझ्या येण्याजाण्याशी त्याची वेळ जुळली, एवढाच माझा गुन्हा.

दाजी उठले आणि कपाटातून त्या दिवसाचा मूळ कागद काढून आणला. बराच वेळ पाहत राहिले. मग तपासनीसांना म्हणाले, “साहेब, तिसरी रेघ मी पाहिलीच नाही. भिंतीला टेकून लोखंड असतं तर तिन्ही रेघा वेड्यावाकड्या ओढल्या गेल्या असत्या. इथे सूर्याच्या धक्क्याने उडते तशी पहिली तेवढी उडालीय, तिसरी जवळपास जागची हललेली नाही. हे शिकाऊ पोराला कळावं. मला पहिली रेघ दिसली, आणि मेहुणा दिसला.”

तपासनीस चांगला माणूस. त्यांनी चष्मा काढला. “तक्त्यात सुधारणा करून टाका ना. सूर्याचा धक्का, अमुक वेळ. ते तर कामाचं आहे.”

“आणि लोखंडाची वही?”

“तिला कशाला हात लावता? ती कोण बघतो? त्यात ‘निरीक्षकाची चूक’ असं लिहिलंत, तर मला ते अहवालात घ्यावं लागेल. चारच महिने राहिलेत. पत्रातला तो शब्द जाईल.”

ताई सांगायची, निवडता निवडता तिचे हात थांबले. आतून पितळी पेनाचं टोपण उघडल्याचा एवढासा टक् ऐकू आला.

मग दाजी पडवीत आले, वही उघडी धरून. अडीच महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलले.

“ऐक. ‘वरील नोंद चुकीची. लोखंड नव्हते. धक्का सूर्याकडील वाऱ्याचा होता. सदर गृहस्थांवरील बंदी निरीक्षकाच्या चुकीने लागली.’ सही केलीय.”

ताईने ऐकून घेतलं. “आणि माझं?”

“तुझं काय?”

“त्याला आत मी सोडलं. झडती मी घेतली. त्याचं निस्तरलंत, माझी नजरचूक तशीच राहिली.”

“तुझं नाव कुठे लिहिलंय मी वहीत?”

“लिहिलं नाहीत. बोललात. ते जास्त.”

दाजी दोन पावलं गेले, परत फिरले. पडवीच्या कठड्यावर वही ठेवून त्यांनी उभ्याउभ्याच आणखी एक ओळ लिहिली: ‘फाटकावरील तपासणी चोख होती. ती निरीक्षकाच्या पत्नीने केली होती.’ वाचून दाखवली. ताई म्हणाली, “शाई वाळू द्या, मग मिटा.” आणि आत जाऊन तिने पान वाढलं. भिंतीला न सांगता.

ते चुंबकघर आता बंद आहे. दूर कुठेतरी डब्याएवढं यंत्र आपोआप सगळं टिपतं म्हणे, आणि आकाशात सूर्याच्या वाटेवर पहारे बसवलेत, वारा येण्याआधी तासभर सांगतात. चांगलंच आहे. फाटकाची फळी मात्र अजून आहे, त्यावर पाखरं बसतात. दाजींना निवृत्तीचं पत्र मिळालं, त्यात ‘निर्दोष’ हा शब्द नव्हता, ‘दीर्घ’ हा शब्द होता. त्यांनी ते चौकटीत न बसवता ट्रंकेत ठेवलं. ताईने नंतर कितीदा विचारलं, वाईट वाटतं का? ते म्हणायचे, “दीर्घ तर होतीच.” दोघंही आता नाहीत.

मला त्यांचं रूप आठवतं ते मात्र त्या सुधारणेच्या दुसऱ्या दिवसाचं. दाजी कामाच्या दिवशी टेकडी कधी उतरत नसत. त्या दिवशी दहाला कागद बदलला आणि चार मैल चालत माझ्या शेतावर आले. मी भाजीला पाणी देत होतो. काखेत ती लांबट वही. ती आवाराबाहेर न्यायची नसते, हे मला ठाऊक होतं, त्यांनाही.

“या दाजी, बसा,” मी म्हणालो. आवाजात जरा अढी होती, खोटं कशाला बोलू.

“बसत नाही. आधी ऐका.”

माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून, दुसऱ्या हाताने वही उघडून, सगळी सुधारणा सरकारी भाषेत मोठ्याने वाचली. तारीख, वेळ, सही, सगळं. शेजारच्या शेतातली माणसं काम थांबवून बघायला लागली. त्यांनाही ऐकू जाईल असंच ते वाचत होते. ‘निरीक्षकाच्या चुकीने’ या शब्दांशी आवाज एकदा चिरकला. ते थांबले, आणि ती ओळ पहिल्यापासून परत वाचली.

थट्टेशिवाय आमच्या दोघांत दुसरी भाषाच नव्हती. मी म्हणालो, “म्हणजे दाजी, सूर्याचा राग मेहुण्यावर काढलात.”

“सूर्य रागावलेला नव्हता,” ते म्हणाले. “तो आपला वाटेने जात होता. रागावलो मी.” मग वही मिटून, “गुरुवारी या. ताई फाटकात असेल. खिसे ती बघणारच.”

“बघू दे.”

त्यांनी तांब्यातलं अर्धं पाणी प्यायलं, उरलेलं वाफ्यात ओतलं, तांब्या माझ्या बायकोच्या हातात दिला आणि निघाले. जेवायला थांबा म्हटलं तर हातानेच नको म्हणाले. उन्हात पांढरा सदरा, काखेत वही, चाल नेहमीचीच, एकसारखी, घड्याळ लावल्यासारखी. मी बांधावर उभा होतो. माझी बायको दारात. शेजारची माणसंही अजून हातातली खुरपी तशीच धरून उभी होती. टेकडीच्या वळणाशी ते एकदा थांबले, वहीला बसलेली धूळ सदऱ्याला पुसली, आणि वळणाआड गेले.

“चार मैल आले,” माझी बायको म्हणाली, “आणि टेकलेसुद्धा नाहीत.”